चौल-रेवदंड्याची एक दिवसाची फेरी: ओहोटीला सुरुवात, भरतीला जेवण

या फेरीला पाचपैकी साडेचार गुण. अर्धा का कापला ते पुढे सांगतोच.

अलिबागजवळच्या रेवदंड्यातला एक मुलगा सात-आठ जणांना बरोबर घेऊन एका दिवसात रेवदंडा, चौल आणि कोर्लई पायी फिरवतो. माणशी सातशे रुपये, जेवणाचे अडीचशे वेगळे, कोर्लईच्या टमटमचं भाडं ज्याचं त्याने द्यायचं. त्याची पाटी नाही की जाहिरात नाही. आम्ही ज्या घरी उतरलो होतो तिथल्या काकूंनी नंबर दिला. त्याचं नाव इथे लिहीत नाही, नको म्हणाला. रेवदंड्यात कुठल्याही घरगुती खानावळीत विचारलंत तर कळेल.

फोनवर मी म्हटलं, आम्हाला अमुक रविवारी यायचंय. तो म्हणाला, "काका, तारीख नका सांगू, तिथी मी सांगतो. पौर्णिमेनंतरची द्वितीया. सकाळी साडेसहाला किनाऱ्यावर या." तिथेच मी पैसे पाठवून दिले. मी मुंबईच्या गोदीत पाण्याची खोली मोजणाऱ्या लाँचवर एकतीस वर्षं नोकरी केली. बंदर दाखवायचं तर आधी पाण्याची वेळ बघावी लागते, हे ज्याला कळतं त्याच्यामागून दिवसभर चालायला माझी तयारी असते.

याआधी चौल मी एकदा पाहिलं होतं, मुंबईहून निघणाऱ्या एका सहलीच्या बसमधून. नाव घेत नाही. भर दुपारी बारा वाजता रेवदंड्याच्या कोटात उतरवलं, वीस मिनिटं दिली आणि "हा शिवाजी महाराजांचा किल्ला" असं सांगून पुन्हा बसमध्ये कोंबलं. वेशीच्या कमानीवर पोर्तुगालच्या राजाची ढाल-मुकुटाची खूण धडधडीत कोरलेली आहे. सांगणाऱ्याने मान वर करून पाहिलं असतं तरी पुरलं असतं. ज्या गावाने दीड-दोन हजार वर्षं जहाजं पाहिली त्याची अशी वासलात लावलेली पाहून मी त्या दिवशी घरी येऊन जेवलो नव्हतो.

आता ही फेरी. नववीत शिकणारी माझी नात, पनवेलचं एक जोडपं, पुण्याचे तीन कॉलेजातले मुलगे आणि मी. साडेसहाला अजून नीट उजाडलं नव्हतं. समुद्र इतका आत गेला होता की कोटाच्या भिंतीपासून पाण्याच्या कडेपर्यंत चालायला आम्हाला चांगली दहा मिनिटं लागली. पायाखाली आधी घट्ट वाळू, मग मऊ, मग खाडीच्या तोंडाजवळ काळपट गाळ. मुलाने तिथे थांबवलं आणि आधी काहीच बोलला नाही. मग हात करून दाखवलं: समोर कोर्लईचा डोंगर, समुद्रात घुसलेल्या नांगरासारखा, अलीकडे कुंडलिका नदीचं तोंड, मागे आमच्या पाठीशी नारळी-पोफळीच्या वाड्या.

"डोंगर दक्षिणेचा वारा अडवतो. खाडी रोह्यापर्यंत आत जाते. तिथून माल बैलावर आणि बैल घाटावर. म्हणून चौल."

तीन-चार वाक्यांत त्याने जे सांगितलं ते मी त्या बसमधल्या अख्ख्या दिवसात ऐकलं नव्हतं. बंदर आधी पाणी आणि डोंगर मिळून घडवतात, राजे मागून येतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशांच्या मार्गदर्शिकेत या किनाऱ्यावर ‘सेमिल्ला’ आहे, दुसऱ्या शतकात भूगोलज्ञ टॉलेमी ‘सिमिल्ला’ लिहितो, कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांच्या गावाचं नाव ‘चेमुल’ असं कोरलेलं आहे, आणि अरब त्याला ‘सैमूर’ म्हणायचे. नावं बदलत गेली, खाडीचं तोंड तेच राहिलं. गावातली माणसं याला चंपावती म्हणतात आणि रेवदंड्याला रेवतीक्षेत्र. आम्हाला फिरवणारा मुलगा मात्र रेवेचा दांडा म्हणून रेवदंडा असं म्हणाला, आणि त्या वाळूच्या लांबट पट्ट्यावर उभं राहून मला तेच पटलं.

साडेसातच्या सुमारास खाडीच्या आतल्या एका जुन्या धक्क्यावर गेलो. मी घरून माझी दोरी आणली होती. शिशाचा गोळा बांधलेली, दर वावाला, म्हणजे सहा फुटांना, चिंधीची खूण असलेली, नोकरीतली. गोळ्याच्या बुडाला खळगा असतो, त्यात चरबी भरायची. गोळा तळाला टेकला की तळाचं जे काही असेल ते चरबीला चिकटून वर येतं, वाळू की चिखल की शिंपले ते कळतं. पुढे यंत्रं आली, पण उथळ कडेला शेवटपर्यंत आम्ही दोरीच टाकत होतो. चरबी नव्हती म्हणून नातीने काकूंकडून चमचाभर घट्ट डालडा मागून आणला होता. तिनेच गोळा सोडला. पाऊण वाव. वर आला तेव्हा बुडाला राखाडी, लोण्यासारखा मऊ गाळ, त्यात वाळूचा कण नाही. मी तो तिच्या अंगठ्यावर चोळून दिला. चौल कशाने बुडालं ते तिच्या बोटाला लागलेलं होतं.

मुलगा हे सगळं बघत उभा होता. म्हणाला, "काका, दुपारी परत इथेच आणतो. तेव्हा पुन्हा टाका." हा त्याच्या ठरलेल्या फेरीचा भाग नव्हता. आमच्यासाठी त्याने वाट बदलली, आणि बाकीचे सहाही जण आनंदाने तयार झाले.

मग कोट. रेवदंड्याच्या कोटाच्या आत आज गाव आणि वाड्या आहेत, रस्ता सरळ तटातून जातो. अवशेष लोकांच्या खाजगी वाड्यांत आहेत, त्यामुळे एकट्याने गेलात तर निम्मे दिसणारच नाहीत. या मुलाला प्रत्येक वाडीवाला ओळखतो. फाटकाशी जाऊन नुसती हाक मारायची, "काकी, पावणे आणलेत," की आतून "या, कुत्रा बांधलाय" असं उत्तर. सातखणी बुरूज असाच एका बागेतून जाऊन पाहिला. फ्रान्सिस्कन पाद्र्यांच्या चर्चचा हा घंटेचा मनोरा, वरचे मजले पडलेत, तरी मान मोडेपर्यंत उंच आहे. जवळ जाऊन भिंतीवर हात ठेवा. चिरे, चुना, मधूनच शिंपल्याचे तुकडे. वर वडाचं रोपटं मुळं सोडून बसलंय आणि प्रत्येक पावसात एक चिरा सैल करतंय. हे रोप कापायला कुणीतरी शिडी लावली पाहिजे, आणि लवकर लावली पाहिजे.

इथे मुलाकडून एक चूक झाली. १५०८ ची चौलची लढाई या कोटातून झाली असं तो सांगून गेला. तेव्हा कोट नव्हताच. ती लढाई खाडीच्या तोंडावर, जहाजांमध्ये झाली. एकीकडे इजिप्तच्या सुलतानाचं आरमार आणि दीवचा मलिक अयाझ, दुसरीकडे पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द अल्मेडा, जो त्यात मारला गेला. त्याच्या बापाने पुढल्या वर्षी दीवला त्याचा सूड घेतला. पोर्तुगीजांनी वखार घातली १५१६ मध्ये, आणि किल्ला बांधायला निजामशहाची परवानगी मिळाली १५२१ मध्ये. मी हे त्याला बाजूला घेऊन सांगितलं. त्याने वहीत लिहून घेतलं आणि दहा मिनिटांनी सगळ्यांना थांबवून आपण होऊन दुरुस्ती सांगितली. गुण कापायचे सोडून मी इथे वाढवले.

१५७०-७१ चा वेढा त्याने फार छान उभा केला. मुर्तजा निजामशहाने चौलला वेढा घातला, त्याच वेळी आदिलशाही फौज गोव्याला भिडली होती, म्हणजे पोर्तुगीजांना दोन्हीकडून एकदम उखडायचा बेत होता. वेढा कित्येक महिने चालला, पण समुद्राकडून रसद येत राहिली आणि गाव टिकलं. हे त्याने आम्हाला तटावर, समुद्राकडे तोंड करून सांगितलं, म्हणजे रसद कुठून येत होती ते बोट दाखवून विचारावं लागलं नाही. शेवटी वसईपाठोपाठ, १७४० मध्ये, चौल मराठ्यांकडे आलं.

कोटातून बाहेर पडून आम्ही शाळेच्या आवारात गेलो. तिथे अफनासी निकितिनचं स्मारक आहे. हा रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी १४६९ मध्ये इथे उतरला, वास्को द गामाच्या कितीतरी आधी. विकायला एक घोडा घेऊन आला होता. चौलाहून पाली, उमरी करत जुन्नरला गेला, तिथल्या सुभेदाराने घोडा काढून घेतला, आणि बऱ्याच खटपटीनंतर तो परत मिळाला. पुण्याच्या मुलांना घोड्याची गोष्ट फार आवडली. मला त्यात दुसरंच दिसत होतं. एका घोड्याला पर्शियाच्या आखातातून इथवर आणायचं म्हणजे गोडं पाणी, दाणा, आणि जनावर न बुजता उतरवता येईल असा शांत धक्का हवा. निजामशाहीच्या आणि बहमनींच्या घोडदळामागे अशी बंदरं उभी होती. तलवारींचा इतिहास आपण शाळेत शिकतो, धक्क्यांचा कुणी शिकवत नाही.

चौल गाव इथून पुढे पसरलेलं आहे. पाखाड्या, वाड्या, तळी. जुनी माणसं म्हणतात तीनशे साठ देवळं आणि तीनशे साठ तळी. मोजायला कुणी गेलेलं नाही, पण दर दोन वाड्यांमागे एक पाणवठा दिसतो हे खरं. रामेश्वराच्या देवळापुढची पुष्करणी निवांत बघा. सभामंडपातल्या कुंडांची गोष्ट मुलाने सांगितली, दुष्काळात पर्जन्यकुंड उघडायची चाल, आणि ती सांगताना त्याचा आवाज आपोआप खाली आला.

फेरीतला सगळ्यात मोलाचा क्षण मात्र एका साध्या वाडीत आला. वालाच्या वेलांमध्ये नुकतीच माती वर काढलेली होती. मुलगा खाली वाकला आणि एक खापर उचललं, अंगठ्याच्या पेराएवढं. एका बाजूने विटकरी-पिवळट माती, दुसऱ्या बाजूने झिलई. निळी म्हणावी तर हिरवी, हिरवी म्हणावी तर निळी, मोराच्या गळ्यासारखी, आणि त्यावर केसासारख्या बारीक भेगांचं जाळं. थुंकी लावून पुसलं तेव्हा चमकलं. ही झिलई आपल्या कुंभाराची नाही. अशी भांडी आखाताकडून यायची, खजूर किंवा तेल भरून. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अरब प्रवासी अल्-मसुदी इथे आला तेव्हा सिराफ, ओमान, बसरा आणि बगदादकडचे मिळून दहा हजार मुसलमान इथे नांदत असल्याचं त्याने लिहून ठेवलंय, आणि राज्य शिलाहार राजा झंझाचं होतं. इतक्या माणसांच्या घरात ताटं-वाट्या, रांजण असणारच, फुटणारच, आणि उकिरड्यावर पडणारच. डेक्कन कॉलेजच्या डॉ. विश्वास गोगटे यांच्या चमूने चौलला उत्खनन केलं तेव्हा सातवाहनांच्या नाण्यांबरोबर अशी झिलईची खापरं आणि परदेशी कुंभांचे तुकडेही निघाले.

पुण्याच्या एका मुलाने ते खापर खिशात टाकायला मागितलं. फिरवणाऱ्या मुलाने हसून परत घेतलं, होतं त्याच जागी ठेवलं आणि वर बोटाने माती सारली. "जागेवर असलं तर बोलतं. तुमच्या कपाटात मुकं होईल." घरमालकीण बाई उभ्या होत्या, त्यांनी मान हलवली. त्या वाडीत गेली कित्येक वर्षं हाच नियम आहे म्हणाल्या.

पण हेही लिहितो. या गावात इतकं सापडतं, आणि सापडलेलं मांडून ठेवलेली एकही खोली मला दिसली नाही. चौलच्या पोराला आपल्या गावची सातवाहन नाणी बघायची तर त्याने कुठे जायचं? रामेश्वराच्या आसपास एक छोटी खोली, दोन काचेची कपाटं आणि एक नकाशा, एवढं झालं तरी या फेरीची किंमत दुप्पट होईल. लागेल ती देणगी मी माझ्या पेन्शनमधून पहिली देईन.

चौलच्या राजकोट किल्ल्याचे अवशेष भराभर पाहिले, झाडी फार वाढलीय. हमामखाना, म्हणजे जुनं स्नानगृह, तोही बाहेरूनच, रस्त्यावरून. अर्ध्या गुणातला पाव गुण इथे गेला. झाडीत आत जाता येणार नव्हतं तर तसं फोनवरच सांगायचं, मी त्यासाठी मुद्दाम बॅटरी घेऊन गेलो होतो. उरलेला पाव पिण्याच्या पाण्याचा. सकाळी साडेसहा ते दुपारी दीडपर्यंत त्याने स्वतःहून पाण्यासाठी कुठे थांबवलं नाही, आणि स्वच्छतागृह एकदाच, शाळेपाशी. पनवेलच्या ताईंना त्याचा त्रास झाला. साठीच्या पुढची माणसं घेऊन जात असाल तर आपली सोय आपण करून जा.

आणि एक राहून गेलं ते म्हणजे रेवदंड्याचं बेथ-एल सिनेगॉग. बेने इस्रायल मंडळी, म्हणजे कोकणातले ज्यू, या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवायची, शनिवारी काम बंद म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. आमच्या लाँचवर एक चौलकर नावाचे बेने इस्रायल मिस्त्री होते, मोठ्या सुट्टीत ते आईला घेऊन इथे दिवा लावायला यायचे. मी मुलाला हे सांगितल्यावर तो म्हणाला, पुढच्या वेळी नक्की. वेळ कमी पडते हे खरं आहे, पण मी त्याला कोर्लईतला अर्धा तास कमी कर असं सुचवून आलो.

दुपारी सव्वाला पुन्हा धक्क्यावर. सकाळी ज्या गाळावर बगळे चालत होते तिथे पाणी थबथबलेलं, होड्या सरळ उभ्या राहिलेल्या, आणि एक कोळी आपली होडी त्याच गाळावरून आरामात वल्हवत बाहेर काढत होता. नातीने दोरी सोडली. पावणेतीन वाव. दोन वावांचा फरक, उधाणाचा. मग मी सगळ्यांना माझ्याकडचं जे थोडं होतं ते सांगितलं. जुनं गलबत भरतीला आत यायचं, ओहोटीला गाळावर निवांत बसायचं, माल उतरवायचं, पुढच्या भरतीला निघायचं. त्याचं बूड तसंच बांधलेलं असे, बसल्याने त्याला काही होत नसे. पण जहाजं मोठी होत गेली, खोल बुडाची, ज्यांना बसणं परवडत नाही, ती सहा तासांच्या पाण्यावर येणार कशी? कुंडलिका दर पावसाळ्यात डोंगरांची माती आणून टाकणार, ती काढायला कुणी नाही. आणि उत्तरेला मुंबई, जिथे ओहोटीलाही जहाज तरंगतं राहतं. चौलचे रेशमाचे विणकर मुंबईला गेले, व्यापारी गेले, आणि मागे पोफळी राहिल्या. कोट तर तोफांना पुरून उरला होता.

पुण्याच्या मुलांनी तेव्हा खूप प्रश्न विचारले. मुलगा मात्र गप्प होता. नंतर मला म्हणाला, "काका, हे दोरीचं मी रोज करू का?" माझी दोरी मी त्याला दिली. डालडा नको, मेणचट ग्रीस वापर, एवढं सांगितलं.

जेवण त्याच्या मावशीकडे, दोनला. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी, सोलकढी, आणि ज्यांना हवी त्यांना तळलेली मांदेली. पौषात वाल कोवळा असतो, बिरड्याला लागलेली खोबऱ्याची गोडी मी वर्षभर विसरणार नाही. मावशी वाढताना प्रत्येकाला विचारत होत्या, "सातखणी बघितला का?" आणि हो म्हटलं की एक भाकरी जास्त. अडीचशे रुपयांत हे जेवण म्हणजे त्यांचं नुकसान होत असणार, त्यांनी तीनशे करावेत.

कोर्लई थोडक्यात. पुलावरून टमटमने जायचं, मग चढण. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी निजामशाहीकडून हा डोंगर घेतला आणि खाडीचं तोंड दोन्ही बाजूंनी त्यांच्या मुठीत आलं. वरून ते एका नजरेत कळतं. खाली गावात मूळच्या चौलच्या ख्रिस्ती कुटुंबांची पोर्तुगीजमिश्रित बोली अजून बोलली जाते, नॉ लिंग, म्हणजे आमची भाषा. विहिरीवर दोन आज्या बोलत होत्या. एक शब्द पोर्तुगीज, दुसरा मराठी, हेल आमच्या कोकणातला. नातीने थांबून ऐकलं. बंदर गेलं त्याला पावणेतीनशे वर्षं होऊन गेली, पण त्या दोघींच्या तोंडी ते अजून होतं.

जाणार असाल तर पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची द्वितीया-तृतीया धरा. अष्टमीला जाऊ नका, भांगाच्या दिवसांत पाणी धड चढत नाही की उतरत नाही आणि दोन्ही वेळचा फरक दिसणार नाही. पावसाळ्यात तो फेरी घेत नाही. गाळात रुततील अशा चपला नकोत. आम्ही चैत्र अमावास्येनंतरची द्वितीया सांगून ठेवली आहे, सिनेगॉगसकट. नातीने नवी दोरी वळायला घेतलीय, या वेळी वावांच्या खुणा लाल चिंधीच्या.